तिसऱ्या ठोक्याची अलाइनमेंट

रविवार, २ मार्च. सकाळी ७.१०
आजपासून ही वही. पहिलं पान कोरं सोडलं आहे, कारण पहिल्या पानावर माणूस उगाच सुवाच्य लिहायला जातो आणि मूळ काम राहून जातं.

काम असं. माझ्या कीबोर्डमध्ये तयार स्टाइल्स आहेत दोनशे चाळीस. डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे तीन-चार स्वर एकदम, धरायची की यंत्र मागे ड्रम, बेस, व्हायोलिनं, सगळा ताफा उभा करतं. बसलेला असतो एकटा माणूस, वाटतात दहा. सोय उत्तम. पण या दोनशे चाळीसही स्टाइल्स कुणीतरी दुसऱ्याने बनवलेल्या. दुसऱ्याच्या जिवावर किती दिवस उड्या मारायच्या?

संकल्प: महिनाअखेर स्वतःची एक स्टाइल. संपूर्ण. इंट्रो, मधले चार भाग, त्यांना जोडणारे फिल-इन, एंडिंग, सगळं.

महिनाअखेरच का, तर ३१ तारखेला सासरेबुवा जाणार. कायमचे, मेव्हण्याकडे. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि त्यांचा उजवा गुडघा आता जिना म्हटलं की रुसतो. मेव्हण्याने दुसऱ्या शहरात तळमजल्यावर घर घेतलं आहे. सासरेबुवा एकतीस वर्षं एका डान्स हॉलमध्ये ड्रमर होते. त्यांचा एक खास ताल होता, त्याला हॉलमधले लोक 'उतार' म्हणायचे, कारण तो सुरू झाला की उतारावरून चालल्यासारखे पाय आपोआप पडायचे. तो हॉल पाडून तिथे पार्किंग झालं. उतार कुणीच रेकॉर्ड केलेला नाही. तो मी करणार. माझी पहिली स्टाइल: उतार.

खरं कारण वेगळंच आहे. वही माझीच आहे, लपवायचं कुणापासून? एकोणीस वर्षांत सासरेबुवांनी माझ्या वाजवण्याबद्दल एकच वाक्य उच्चारलं आहे. लग्न ठरलं तेव्हा मी त्यांना दोन गाणी वाजवून दाखवली होती. ते म्हणाले, यंत्र चांगलं आहे. त्यानंतर मी यंत्र तीनदा बदललं. ते काही बोलले नाहीत.

सोमवार, ३ मार्च. दुपारी १.२०, गॅरेज
डबा झाला. मॅन्युअल घेऊन आलो आहे. दोनशे चौदा पानं. चाळलं. मॅन्युअल अथपासून इतिपर्यंत वाचायची गरज सामान्य माणसाला असते. मी चौदा वर्षं व्हील अलाइनमेंट करतो. गाडी मशीनवर चढली की चाक कुठे किती वाकडं आहे ते मला स्क्रीन बघायच्या आधी कळतं. यंत्राशी कसं बोलायचं ते मला शिकवावं लागत नाही.

पान १३० पर्यंत आलो. पुढचं तपशिलाचं दिसतंय.

बुधवार, ५ मार्च. संध्याकाळी ६.३०
रेकॉर्डिंग झालं! ऐतिहासिक दिवस.

कीबोर्डवर प्रत्येक पट्टीला एक वाद्य असतं, एकीला मोठा ड्रम, एकीला छोटा, एकीला झांजा. सासरेबुवांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी विचारलं, काठ्या कुठायत? म्हटलं, बोटांनी. त्यांनी दोन बोटं आणि अंगठा ठेवला, जरा चाचपलं, आणि सुरू झाले. खरं सांगतो, अंगावर काटा आला. स्वयंपाकघरातून बायको हात न पुसता बाहेर आली.

स्टाइलला चार-चार ठोक्यांचे चारच बार, म्हणजे चार आवर्तनं, लागतात, कारण यंत्र तेच पुन्हा पुन्हा फिरवतं. चार बार होताच मी रेकॉर्डिंग बंद केलं. सासरेबुवा वाजवतच होते. मी म्हटलं, झालं झालं, पुरे. ते थांबले. म्हणाले, एवढंच? म्हटलं, एवढ्यावर मी तुम्हाला तासभर वाजवून दाखवीन. ते बरं म्हणाले आणि टीव्हीसमोर जाऊन बसले. टीव्ही लावला नाही.

गुरुवार, ६ मार्च. सकाळी ६.४५
कालचं रेकॉर्डिंग स्क्रीनवर उघडलं. बरं झालं तपासलं. तिसरा ठोका उशिरा आहे!

थोडाथोडका नाही. यंत्र एका ठोक्याचे ४८० भाग करतं. सासरेबुवांचा पहिला ठोका जागेवर, दुसरा जागेवर, तिसरा २६ भाग उशिरा, चौथा जागेवर. चारही बारमध्ये तिसराच. २६, २५, २६, २७. वय झालं, दुसरं काय? बोटं दुखत असणार. बिचाऱ्यांच्या लक्षातही आलं नसेल.

याला इलाज आहे. क्वांटाइझ नावाचं बटण दाबलं की चुकलेला प्रत्येक ठोका जवळच्या रेषेवर जाऊन उभा राहतो. अलाइनमेंटच म्हणा ना. दाबलं. चारही तिसरे ठोके सरळ. यंत्राने विचारलं, आधीचं पुसून याच्यावर सेव्ह करू? म्हटलं, कर. चूक सांभाळून ठेवायची कशाला?

सासरेबुवांना सांगणार नाही. माणसाचा मान राखावा.

शुक्रवार, ७ मार्च. संध्याकाळी ७
त्यांना ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, हे कोण वाजवतंय?

म्हटलं, तुम्हीच.

ते म्हणाले, नाही. हा कुणी दुसरा आहे. मुलगा हुशार आहे, पण कुणी हाक मारली की वळून बघणारा नाही.

याचा अर्थ काय, मला कळला नाही. बायकोला विचारलं. ती म्हणाली, अर्थ असा की तू काहीतरी केलंयस. ती हे नेहमीच म्हणते, त्यामुळे त्यात माहिती काही नसते.

शनिवार, ८ मार्च. दुपारी १२.३०
विचारांती निष्कर्ष: सासरेबुवांचे कान. पासष्टीनंतर वरचे आवाज ऐकू येईनासे होतात, हे शास्त्र आहे. बायकोला म्हटलं, जाण्याआधी एकदा कान तपासून घेऊ, आपलं कर्तव्य आहे. ती घेऊन गेली.

दुपारी २.१५
कानाचे डॉक्टर म्हणाले, या वयात असे कान मी पाहिले नाहीत. बाहेरच्या खोलीतलं घड्याळ मागे पडतंय हे यांनी आत बसून सांगितलं. सगळे हसले म्हणे.

डॉक्टरांनी त्यांचं मशीन शेवटचं कधी कॅलिब्रेट केलं होतं, हे बायकोने विचारलं नाही. मी असतो तर विचारलं असतं.

सोमवार, १० मार्च. सकाळी ६.३०
ड्रम बाजूला ठेवून बेस घेतला. सासरेबुवांच्या हॉलमधली ती जुनी चाल ए मायनरमध्ये आहे, म्हणून बेस ए मायनरमध्येच रेकॉर्ड केला. सरळ हिशोब.

मग वाजवून बघितलं. डाव्या हाताने ए मायनर धरला. बेस भलत्याच गावाला! मी इथे, बेस तीन घरं पलीकडे. सी धरला तर बेस ए वर. एफ धरला तर डी वर. बोलावलं की शेजारी जाऊन बसतो. यंत्रात दोष आहे. कंपनीला कडक ईमेल लिहिणार.

गुरुवार, १३ मार्च. दुपारी १.१५, गॅरेज
ईमेल पाठवला नाही. मॅन्युअलचं पान १३१. तिथे चौकटीत, ठळक अक्षरात: रेकॉर्डिंग नेहमी सी मेजर सेव्हन्थ कॉर्डमध्ये करावं, बाकीच्या कॉर्ड यंत्र स्वतः जुळवून घेतं.

एवढी महत्त्वाची गोष्ट यांना १३१ व्या पानावर लिहावीशी वाटली! लिहिणाऱ्याला वाचकाची काही पर्वा?

चार दिवसांचा बेस पुसला. वेळ वाया गेला असं मी म्हणणार नाही. पाया पक्का झाला.

शनिवार, १५ मार्च. संध्याकाळी ५.४०
घरात काम करणं मुश्कील आहे. रोज पाचला मी कीबोर्डवर बसलो की सासरेबुवा खुर्ची ओढून शेजारी येतात आणि टेबलाच्या कडेवर बोटं वाजवायला लागतात. बोलत काही नाहीत. नुसतं ठक, ठक. मी एका स्वरावर विचार करतोय आणि कानाशी हे. दोनदा घसा खाकरून बघितला. उपयोग शून्य.

आज हेडफोन घातले. आता शांतता आहे. मधूनच मान वर केली तर त्यांची बोटं चालू दिसतात, पण त्रास होत नाही.

बायको म्हणाली, तुला खरंच कळत नाही का? म्हटलं, मला सगळं कळतं, मी वाद टाळतो.

रविवार, १६ मार्च. सकाळी ९
उतार ऐकला. मान्य करायला हरकत नाही, थोडा कोरडा वाटतो. अगदी किंचित. पाय हलत नाहीत. मी पाय हलवून बघितला, हलला. पण हलवावा लागला.

उपाय सापडला. यंत्रात एक सोय आहे, ठोके थोडे मागेपुढे करून माणसाने वाजवल्यासारखं करायची. तीन टक्के माणूस केला. फरक नाही. दहा टक्के केला. ड्रमर जिन्यावरून पडल्यासारखा वाटला. शेवटी साडेसहा टक्क्यांवर स्थिरावलो. आता पडत नाही, नुसता कठडा धरून उभा आहे.

मंगळवार, १८ मार्च. सकाळी ७
अंघोळीत साक्षात्कार. तो २६ भागांचा उशीर! म्हणजे उतार म्हणजे तोच तर नसेल? शक्य आहे. जे लोक संशोधन करतात त्यांनाच असं सुचतं.

ताबडतोब सगळे ठोके २६ भाग मागे ढकलले. ओला टॉवेल खांद्यावरच.

सकाळी ७.४०
सगळेच ठोके उशिरा आले तर कुणीच उशिरा येत नाही. हे आधी लक्षात यायला हवं होतं. सगळं पुन्हा पुढे ढकललं. मग फक्त तिसरा ढकलला. बरा वाटला, पण तो नाही. २६, २५, २६, २७ होतं ते. आणि बोटांचा दाबही कमी-जास्त असणार. मूळ रेकॉर्डिंग असतं तर एका मिनिटात ताडून बघितलं असतं.

कामाला उशीर झाला.

बुधवार, १९ मार्च. दुपारी १.३०, गॅरेज
मालकांनी हाक मारली. म्हणाले, गाडी वीस मिनिटं मशीनवर आहे आणि तुम्ही तिचं बोनेट वाजवताय. ठोकाठोकीला आपल्याकडे डेंटिंगवाला आहे.

बोनेटवर तिसरा ठोका उशिरा द्यायचा प्रयत्न करत होतो. ठरवून उशिरा दिला की फार उशिरा येतो. न ठरवता दिला की वेळेवर येतो. हा काय चावटपणा?

शनिवार, २२ मार्च. संध्याकाळी ५.१५
मनाचा मोठेपणा दाखवला. सासरेबुवांना सांगितलं, पहिलं रेकॉर्डिंग तांत्रिक कारणाने गेलं, पुन्हा करावं लागेल. ते लगेच उठले. उठताना गुडघा धरला, पण उठले. म्हणाले, चला, आत्ता करू.

मी म्हटलं, आत्ता नको. आधी इंट्रो पूर्ण होऊ दे. दार भव्य हवं, मग माणूस आत घ्यावा. अजून नऊ दिवस आहेत.

ते बरं म्हणाले. हल्ली ते बरं फार म्हणतात.

सोमवार, २४ मार्च. संध्याकाळी ६
इंट्रो: व्हायोलिनं झाली. सासरेबुवांनी विचारलं, आज करायचं का? म्हटलं, उद्या.

मंगळवार, २५ मार्च. संध्याकाळी ६
इंट्रो: बासरी घातली. काढली. घातली. सासरेबुवांनी विचारलं. म्हटलं, उद्या नक्की.

बुधवार, २६ मार्च. संध्याकाळी ६.५०
इंट्रो पूर्ण! सोळा बार. आधी वाऱ्यासारखी व्हायोलिनं, मग बासरी, मग पितळी वाद्यं, मग सगळे मिळून. बायकोला ऐकवलं. तिने भाजी चिरता चिरता ऐकलं आणि विचारलं, कोण येतंय? म्हटलं, कोण म्हणजे? ती म्हणाली, एवढं सगळं वाजतंय म्हणजे कुणीतरी मोठं माणूस येत असेल ना. कधी येणार?

आज सासरेबुवांनी विचारलं नाही. मीच म्हटलं, शनिवारी सकाळी सात वाजता, पक्कं. शनिवारी सुट्टी घेतली आहे.

शनिवार, २९ मार्च. सकाळी ६.५५
कीबोर्ड चालू. खुर्ची मांडली. यंत्राला रेकॉर्डवर ठेवलं. सगळं जय्यत. सासरेबुवा चहा घेतायत.

सकाळी ७.०५
मेव्हणा आला. उद्या यायचा होता. म्हणे सुट्टी आजपासूनच मिळाली. सोबत बारा रिकामी खोकी.

संध्याकाळी ७.३०
दिवसभर खोकी. सासरेबुवांचे कपडे दोन खोक्यांत मावले, कागदपत्रं एकात, बाकी नऊ खोक्यांत बायकोने काय भरलं देव जाणे. दर थोड्या वेळाने ती खोलीत जायची आणि नाक पुसत बाहेर यायची. म्हणाली धूळ आहे. कीबोर्डच्या स्टँडवर दोन खोकी ठेवावी लागली. कीबोर्ड पलंगाखाली.

सासरेबुवांचं मनगट सुजलं आहे, दोऱ्या आवळून. रेकॉर्डिंग आज नाही. हरकत नाही. आहे त्या ड्रमवर उद्या भागवेन. उद्या दुपारी निरोपाचा चहा आहे, चौदा माणसं येणार. तिथे उतार सादर करणार. ऐकणाऱ्यांना २६ भागांचं काय कळतंय?

रविवार, ३० मार्च. संध्याकाळी ७.१५
एकंदरीत यशस्वी.

सविस्तर. चारला माणसं जमली. शेजारचे, बायकोच्या ऑफिसातले, आणि सासरेबुवांच्या हॉलमध्ये तरुणपणी नाचायला येणारं एक म्हातारं जोडपं, ते खास लांबून आलं होतं. केक कापला. मग मी उभा राहून प्रास्ताविक केलं, सुमारे आठ मिनिटं. मग इंट्रो. सोळा बार. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. बायको आणि मेव्हणा मधोमध हात धरून उभे होते, लहानपणी बाबांच्या तालावर नाचायचे तसं नाचायचं म्हणून. म्हाताऱ्या जोडप्यानेही हात धरले होते.

मग उतार सुरू झाला.

कुणाचेच पाय उचलले नाहीत. म्हणजे उचलले, पण व्यायामासारखे. म्हाताऱ्या बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने बाईंकडे बघितलं. मग दोघं बसले. मी ताबडतोब एंडिंगचं बटण दाबलं. तेव्हा आठवलं की एंडिंग बनवायचं राहिलंय. एकदम सगळं बंद झालं, वीज गेल्यासारखं. एकाने टाळ्या वाजवल्या, मग थांबला.

तेवढ्यात सासरेबुवांनी शेजारचं एक पॅक केलेलं खोकं पायांमध्ये ओढलं आणि सुजलेल्या हाताने त्यावर वाजवायला लागले. दोन बोटं आणि अंगठा. झालं. बायको नाचायला लागली. मेव्हणा, जो बँकेत आहे आणि बँकेतल्यासारखाच चालतो, तोही. म्हातारं जोडपं तर असं फिरलं की दोघांचं मिळून वय दीडशे आहे हे सांगून पटणार नाही. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ, जे दोन वर्षं आमच्या आवाजाबद्दल तक्रार करतायत, ते केकची बशी हातात घेऊन नाचले.

मी मात्र भान सोडलं नाही. लोकांना आपण काय ऐकतोय हे कळायला हवं. म्हणून सासरेबुवांच्या शेजारी उभा राहून समजावून सांगितलं: तिसरा ठोका कसा उशिरा येतो, ४८० भाग म्हणजे काय, क्वांटाइझ कशाला म्हणतात, माझी पद्धत कुठे वेगळी आहे. मोठ्याने बोलावं लागलं, कारण नाचण्याचा आवाज फार होता. प्रतिसाद चांगला वाटला.

रेकॉर्डर लावायचं मात्र राहिलं.

सोमवार, ३१ मार्च. सकाळी १०
गेले. टेम्पो सातला निघाला. सासरेबुवा तिन्ही मजले एकेक पायरी बसून उतरले, कुणाचा हात घेतला नाही. खाली मला म्हणाले, जावईबापू, येतो. मी म्हटलं, स्टाइल पूर्ण झाली की पाठवतो. ते म्हणाले, पाठवा.

आज गॅरेजला गेलो नाही. खोली मोकळी झाली. कीबोर्ड आता तिथे कायमचा मांडता येईल, दोन वर्षांपासून मनात होतं. मांडला. समोर बसलो. करमत नाही. घर खायला उठतं म्हणतात ते उगाच नाही. टेबलाच्या कडेला वार्निश गेलेला एक पट्टा आहे, चार बोटं रुंद.

मंगळवार, १ एप्रिल. दुपारी १.४०, गॅरेज
मेव्हण्याने व्हिडिओ पाठवला! रविवारचा, फोन खिडकीत उभा करून काढलेला. एक मिनिट बावन्न सेकंद. उतार वाचला! काल उगाच हातपाय गाळून बसलो होतो. घरी गेल्यावर हेडफोन लावून यंत्रात घेतो.

संध्याकाळी ६.१५
ऐकला.

माझा आवाज अतिशय स्पष्ट आला आहे. एक मिनिट बावन्न सेकंद, एकही शब्द वाया गेलेला नाही. मागे कुठेतरी खोकं वाजतंय असं वाटतं.

संध्याकाळी ७
माझा आवाज काढायचा प्रयत्न केला. मी गेलो की खोकंही जातं. खोकं वर आणलं की मी आणखी वर येतो. मला क्वांटाइझ हा शब्द एवढ्या मोठ्याने म्हणायची काय गरज होती?

बुधवार, २ एप्रिल. सकाळी ६.४०
शोध! एक मिनिट नऊ सेकंदांवर सासरेबुवा मान वर करून माझ्याकडे बघतात आणि काहीतरी बोलतात. डाव्या हाताने शेजारच्या खुर्चीवर थोपटतात. हसतायत. ओठ स्पष्ट हलतात. आवाज माझाच: प्रत्येक ठोका जागच्या जागी!

कौतुक आहे. खात्रीने कौतुक आहे. माणूस उगाच असं हसत नाही. एकोणीस वर्षांनी ते बोलले आणि मी बोलत होतो.

बायकोला विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, मी नाचत होते, तूच तर शेजारी होतास. व्हिडिओ निम्म्या वेगाने तेवीस वेळा बघितला. 'वा' असावं. 'वा, काय...' असं काहीतरी. पुढचं लागत नाही.

गुरुवार, ३ एप्रिल. संध्याकाळी ६
राहवलं नाही. फोन केला. इकडचं तिकडचं झालं, गुडघा, हवा, तळमजल्यावर उजेड कमी आहे. मग सहज आठवल्यासारखं विचारलं, रविवारी वाजवताना तुम्ही मला काही म्हणालात का हो?

ते म्हणाले, हो, म्हटलं होतं.

म्हटलं, काय?

ते म्हणाले, या, बसा, वाजवा, असं. तो मोकळा पियानोचा आवाज असतो ना तुमच्या यंत्रात, नुसता तेवढा लावून. रोज पाचला मी येऊन बसायचो, ते त्यासाठीच. तुमचं काम चालू असायचं. म्हटलं शेवटच्या दिवशी तरी विचारून बघू.

मी घाईने मनगटाची चौकशी केली. ते म्हणाले, असू द्या, तुम्ही लोकांना छान समजावून सांगत होता.

फार वाईट वाटलं. फोन ठेवून गॅलरीत उभा राहिलो. बायको येऊन शेजारी उभी राहिली. मी तुला सांगत होते, असं ती म्हणाली नाही.

शनिवार, ५ एप्रिल. सकाळी ८
उतार पुसला. सोळा बारांच्या इंट्रोसकट. यंत्राने विचारलं, नक्की? हो.

मार्ग सापडला आहे. उद्या रविवार, पाच वाजता फोन लावायचा. ते तिकडे टेबलावर वाजवतील, मी इकडे साधा पियानो. स्टाइल नाही, रेकॉर्डिंग नाही, बोलणं नाही. सासरेबुवांना विचारलं. त्यांनी लगेच हो म्हटलं, मनगट आता बरं आहे.

रविवार, ६ एप्रिल. संध्याकाळी ५.५०
फोन स्पीकरवर कीबोर्डला टेकवून ठेवला. सासरेबुवा म्हणाले, सुरू करतो. मी कान देऊन बसलो. काही ऐकू येईना. म्हटलं पहिले काही बार ते मनात मोजत असतील. मग वाटलं, हळू वाजवत असतील. थांबवून विचारायचं नाही असं ठरवलं होतं. ए मायनर धरला आणि अंदाजाने सुरुवात केली. ती जुनी चाल. तिसरा ठोका जिथे यावा असं वाटलं तिथे जरा थांबलो. बायको दारात उभी होती. तिचा पाय हलत होता, मी बघितलं. चार मिनिटं वाजवलं. मला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

संपल्यावर फोनमधून आवाज आला. सासरेबुवा म्हणाले, फार छान वाजवलंत.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, तुमचा उतारही अगदी पूर्वीसारखा लागला होता.

मग मेव्हण्याने फोन घेतला. म्हणाला, भाऊजी, बाबा इथे चार मिनिटं टेबल बडवत होते आणि तुमच्याकडून काहीच येत नव्हतं. तुम्ही वाजवलंत का? म्हटलं, हो. माझ्याकडेही काही आलं नाही. तो म्हणाला, हे फोन असेच असतात, माणसाचं बोलणं सोडून बाकी सगळं गोंगाट समजून गाळतात. तुम्हालाही ऐकू आलं नाही, हे बाबांना सांगू का?

मी म्हटलं, नको.

पुढच्या रविवारी पुन्हा पाच वाजता करायचं ठरलं आहे.